मत्सराची वजाबाकी

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी माझ्या मताची किंमत एकतीस टक्के होती. उरलेले एकोणसत्तर टक्के मत्सर म्हणून वजा होत. हा विनय नव्हे. पूर्वी लोक जिथे घड्याळ बांधत, त्या जागी मनगटावर तो आकडा हिरव्या अंकांत उजळत असे आणि समोर बसलेल्या कोणालाही तो वाचता येई.

परोपकाराची तपासणी ही परोपकाराइतकीच जुनी गोष्ट आहे. कोकणात शिलाहारांच्या काळी दान दिलेल्या जमिनीवर एक शिळा उभी करीत. दान मोडणाऱ्याला तीवर शाप असे, आणि शापासोबत एक गाढव व एक स्त्री यांचे असे चित्र असे, की निरक्षर माणसालाही अर्थाविषयी शंका राहू नये. या शिळांना गद्धेगाळ म्हणतात. देणगीच्या इतिहासावर मी लिहिलेल्या दोन खंडांतले एक संपूर्ण प्रकरण त्यांच्यावर आहे. ते अकरा जणांनी वाचले असावे. त्यांत एक मुद्रितशोधक.

आमच्या काळाने शिळा काढून मंडळ नेमले. धर्मादाय मूल्यन मंडळ सेवाभावी संस्थांचे ताळेबंद आणि कंपन्यांशी त्यांनी केलेल्या भागीदाऱ्या तपासून गुण देते. त्या गुणांवर सरकारी कामे ठरतात, म्हणजे पुष्कळदा माणसांचे मरणे-जगणेही ठरते. मंडळापुढे अडचण एकच होती. या विषयाचे जाणकार मूठभर, आणि ते सगळे एकमेकांचे सहाध्यायी, व्याही, शत्रू किंवा माजी विद्यार्थी. हितसंबंध नसलेला परीक्षक हवा, तर ज्याला विषय कळत नाही असाच शोधावा लागे, आणि काही वर्षे मंडळाने तेही निष्ठेने केले. मग ‘तटस्थ’ आले.

‘तटस्थ’ हे यंत्र माणसाला निःपक्षपाती करीत नाही. ते त्याचा पक्षपात मोजून वजा करते. मनगटपट्टी त्वचेतला ओलावा आणि केशवाहिन्यांतला रक्ताचा ओघ मोजते. चष्म्यातला कॅमेरा डोळ्याची बाहुली पाहतो. कपाळावरची पट्टी अवरक्त प्रकाशाने मेंदूच्या पुढल्या भागात रक्त कुठे धावते ते टिपते. यांतल्या एकट्यादुकट्या खुणेला अर्थ नाही. घाम उकाड्यानेही येतो. म्हणून ज्याची संस्था तपासायची, त्याचा चेहरा, आवाज, सत्कार आणि फजिती अनोळखी माणसांच्या चित्रांत मिसळून परीक्षकाला सकाळभर दाखवतात. त्याच्या यशाने शरीर आक्रसले आणि फजितीने सैलावले, अशी जोडी वारंवार सापडली की तो मत्सर. उलटी जोडी सापडली तर ती माया. एकदा जोडी जुळली की त्या माणसापुरते पुढचे चढउतार मनगटपट्टी चालताबोलताही टिपत राहते.

“सोमण सर, कपाळ आक्रसू नका. पट्टी सरकते,” कदमबाई म्हणाल्या. मंडळातले यंत्र त्या चालवतात.

“हे कपाळ असेच आहे.”

“मागच्या खेपेला नव्हतं. मागच्या खेपेला गोशाळा होती.”

पडद्यावर श्रीरंग पावसकर कोणाच्या तरी हस्ते शाल स्वीकारीत होता. मी शांतपणे पाहत होतो, अशी माझी समजूत होती.

“एकतीस,” कदमबाई म्हणाल्या, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना दया आली असावी. “हे पावसकरसाहेबांपुरतंच हो. बाकी जगात कुणाचा हेवा करायचा तो करा, त्याचं मशीनला काही नाही.”

आता नियम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. मनगटावरचा आकडा म्हणजे तुम्ही काढलेल्या दोषाचे वजन. दोनशेतून तो वजा केला की तुमच्या स्तुतीचे वजन मिळते. शत्रूची निंदा स्वस्त, शत्रूची स्तुती महाग. मित्राचे बरोबर उलटे. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष अधिक खरी, हे जुन्या न्यायाधीशांनाही ठाऊक होते. यंत्राने त्या शहाणपणाला अंक चिकटवले.

श्रीरंग आणि मी वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. तो माझ्या टिपणांवर उत्तीर्ण झाला आणि मी माझ्या टिपणांवर प्राध्यापक झालो. त्याने पुढे दंशनिवारण न्यास काढला. त्याच्या भाषणांना सभागृहे भरतात. ती मी वाचली आहेत. त्यांतला प्रत्येक तिसरा विचार माझा आहे आणि उरलेले दोन कोणाचेच नाहीत. एवढ्यावर मी जगलो असतो. परंतु माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी, माझ्या खंडांतली चूक मला तोंडावर दाखवणारी एकमेव व्यक्ती, ऋजुता गवाणकर, प्रबंध अर्धा टाकून त्याच्याकडे गेली. “सर, मला काम करायचंय,” असे ती म्हणाली होती. माझ्याकडे ती जे करीत होती, त्याला काय म्हणायचे हे तिने सांगितले नाही.

न्यासाच्या तपासणीसाठी श्रीरंगाने स्वतःहून माझे नाव सुचवले. संस्थेला तो अधिकार असतो. त्याच दिवशी त्याचा फोन आला. विद्या हे माझे वसतिगृहातले नाव; ते आता तोच वापरतो.

“विद्या, कडक माणूस पाहिजे होता. लोक म्हणतात पावसकर आपली माणसं नेमतो. म्हटलं, घ्या, हा घ्या.”

“माझा आकडा तुला ठाऊक असेल.”

“एकतीस ना? हॉस्टेलात मोजला असता तर दहाच्या वर गेला नसता. सुधारलास.” तो हसला. त्याचे हसणे अजूनही चांगले आहे. “हे बघ, स्तुती केलीस तर तुझ्या शब्दाला जवळजवळ पावणेदोनाचा भाव. एवढा भाव तुला आजवर कुणी दिलाय?”

“आणि दोष काढला तर?”

“काढ की. तुला कुणी अडवलंय?”

कडू शत्रू परीक्षक म्हणून मिळवण्यात केवढा नफा आहे, हे त्याने यंत्र बनवणाऱ्यांच्या आधी ओळखले होते. हेही मला त्याच्याकडून शिकावे लागले.

प्रकरण असे होते. कोकणच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारांवर, फुरसे चावते. जुने प्रतिविष परप्रांतीच्या सापांच्या विषावरून केलेले होते. त्याची भुकटी कपाटात राही, पण इथल्या फुरशावर ते अर्धवट चाले. नवे प्रतिविष इथल्याच फुरशाच्या विषावर घडवलेले आणि पुरेपूर गुणकारी होते. मात्र ते द्रवरूप असल्याने थंडीतच ठेवावे लागे. म्हणून न्यासाने उपकेंद्रांत सौर विजेवरच्या शीतपेट्या बसवल्या आणि कित्येक वर्षे नीट सांभाळल्या. हे काम उत्तम होते. ते लिहिताना माझा हात किती जड होतो, हे मोजायला यंत्र लागत नाही.

मग व्योमवाह नावाची कंपनी आली. तिची मानवरहित विमाने एकाच मध्यवर्ती कोठारातून कुठल्याही उपकेंद्राला पाऊण तासाच्या आत प्रतिविष पोचवणार, तेही फुकट. तेव्हा शीतपेट्या हा दुहेरी खर्च ठरला. ताळेबंदात याचे सौंदर्य पाहण्यासारखे होते. पेट्यांची दुरुस्ती आणि त्यासाठीची माणसे हा व्यवस्थापनखर्च. तो घटला की संस्थेचे गुण वाढतात. फुकट उड्डाणे ही वस्तुरूप देणगी; ती बाजारभावाने जमेला धरली की संस्थेचे उत्पन्न वाढते. कंपनीला कायद्याने नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो. तिने तो स्वतःच्याच उड्डाणांवर, स्वतःच ठरवलेल्या दराने खर्च केला. डाव्या खिशातला पैसा उजव्या खिशात जाताना वाटेत पुण्य मिळवतो, हा शोध काही नवा नाही. ताम्रपटांतही त्याची उदाहरणे आहेत.

त्या पावसाळ्यात एका तालुक्यातल्या दहा उपकेंद्रांतून पेट्या काढून प्रयोग झाला. दहाही केंद्रांत दंशाने झालेले मृत्यू शून्य. मंडळाने हे एकदा मान्य केले की पुढच्या पावसाच्या आत तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या पेट्या उचलल्या जाणार होत्या.

घटस्थापनेच्या सुमारास मी आंबेसडा या गावी गेलो. पाऊस नुकताच ओसरला होता. उपकेंद्राच्या भिंतीवर, जिथे शीतपेटी होती तिथे, उजळ चौकोन राहिला होता. मागल्या बाजूला कातळावर सिमेंटचे वर्तुळ होते. विमान उतरते ते तिथे. मी त्या वर्तुळाच्या कडेला उभा राहिलो आणि मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता असा आनंद झाला.

वर्तुळ हिरवेगार होते. कडेपासून कडेपर्यंत बोटभर जाडीचे, मखमली, अखंड शेवाळ. विमानाच्या पंख्यांचा झोत खाली आला असता तर त्याची लक्तरे झाली असती. आणि ताळेबंदात पावसाच्या तीन महिन्यांतली या केंद्राची उड्डाणे जमेला धरलेली होती, भरपूर, बाजारभावाने.

तिथल्या परिचारिका मयेकर सिस्टर दारात आल्या.

“इथे विमान उतरतं का?” मी विचारले.

“उतरतं की. मे महिन्यात उतरायचं. पोरं धावायची बघायला.”

“आणि पावसात?”

“पावसात वाऱ्याचं कुठे उडतंय ते? स्क्रीनवर येतं, ‘तत्पर’ म्हणून. मग आम्ही गाडी बोलावतो.” त्यांनी खालच्या खाचरांकडे बोट केले. “आषाढात रोहिणी गुरव गेली. लावणीला भाताचा तरवा काढायला वाकली नि हाताला चावलं. गाडी घाटात होती तेव्हा गेली.”

वाटेत मेलेला माणूस कोणत्याच केंद्राचा नसतो. शून्य खरे होते. उड्डाणेही खोटी नव्हती. करार पुन्हा वाचला तेव्हा समजले की कंपनीने दान दिली होती ती तत्परता. सज्ज ठेवलेले प्रत्येक विमान म्हणजे एक उड्डाण. फुरसे पावसात चावते, विमान पावसात उडत नाही, आणि ताळेबंद वर्षाची सरासरी काढतो. संपूर्ण दस्तऐवजात एकही असत्य नव्हते. इतके निर्दोष पाप मी शिलालेखांतही पाहिले नव्हते.

मी चाळीस पानांचा आक्षेप नोंदवला. कदमबाईंनी तो यंत्राला दिला.

“एकतीस, सर.”

“पण ते खरे आहे.”

“असेल हो. करार थांबवायला आक्षेपांची बेरीज दीडशे भरावी लागते. सुनावणीच्या दिवशी वजन पुन्हा घेतात. तोवर बघा काही जमतं का.”

जमवण्याचा मी प्रयत्न केला. हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी घेतली. यंत्राने ती ओळखून चाचणी रद्द केली. श्रीरंगाची भाषणे सहानुभूतीने वाचून काढली. आकडा सत्तावीसवर आला; वाचन सोडल्यावर पुन्हा एकतीस. मत्सर सोडावा कसा, यावर आपल्या पूर्वसूरींनी विपुल लिहिले आहे. ते सगळे मला पाठ आहे, आणि ते कोणी मत्सरी माणसाने लिहिलेले नाही एवढे निश्चित.

दुसरी परीक्षक ऋजुता होती. न्यासातच काम करणारी व्यक्ती न्यासाची परीक्षक, हे पूर्वी हास्यास्पद ठरले असते. आता यंत्र वजा करीत असल्याने कोणाला त्यात काही वावगे दिसत नसे. तिचा आकडा होता एकशे बासष्ट. तिच्या स्तुतीला अडतीसचा भाव होता, पण तिने एक दोष काढला की करार तिथेच थांबला असता. श्रीरंगाला हे ठाऊक होते आणि त्याची झोप उडाली नव्हती. कारण ज्याला एकशे बासष्ट वजन असते, त्याला दोष दिसत नाहीत.

मी तिला सरळ सांगू शकत नव्हतो. ऐकीव आक्षेपाला सांगणाऱ्याचे वजन लागते. माझ्या तोंडून गेलेला शब्द तिच्या तोंडून एकतीसनेच बाहेर पडला असता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे भाग होते, आणि मी गप्प राहणे. या दोहोंतले अवघड कोणते, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारावे.

शिवाय एक गोष्ट होती. तिने पाहिले तर शोध तिच्या नावावर जाणार. आयुष्यात मला लागलेला एकच शोध, ज्यावर कोणाचा जीव अवलंबून होता, तो मी तिला द्यायचा, जिने मला सोडून त्याला निवडले होते. दोन रात्री मी याचा विचार केला. मग रोहिणी गुरवचा विचार केला, आणि पुढच्या आषाढाचा. आंबेसड्याला चल, एवढेच सांगायला तिला फोन केला तेव्हा माझा आवाज मुळीच उदार नव्हता.

आंबेसड्यापर्यंतच्या वाटेवर तीच बोलत होती.

“सर, तुम्ही काही बोलत का नाही आहात?”

“घसा बसलाय.”

“तुमचा? बावीस वर्षं तासिका घेऊन न बसलेला?”

मी बाहेर पाहू लागलो. ती साहेबांविषयी सांगत राहिली. साहेब कसे पहिली पेटी खांद्यावरून चढवून घेऊन आले, साहेबांना प्रत्येक सिस्टरचे नाव कसे ठाऊक. तिच्या मनगटावर एकशे बासष्ट शांतपणे तेवत होते.

उपकेंद्रात तिने भिंतीवरचा चौकोन पाहिला. मागे गेली. वर्तुळापाशी थबकली. खाली बसून तिने तळहात शेवाळावर ठेवला, दाबला, उचलला. तळहात हिरवा झाला होता.

एकशे अठ्ठेचाळीस.

बस, असे मी मनात म्हणत होतो. एवढ्यावर थांब, माझे एकतीस आहेतच, अजून पुरेल.

ती थांबली नाही. ती मयेकर सिस्टरांकडे गेली आणि मी विचारले होते ते सगळे तिने विचारले. मग मला न सुचलेला एक प्रश्न विचारला.

“रोहिणी गेली त्या वेळी स्क्रीनवर काय होतं?”

“तत्पर,” सिस्टर म्हणाल्या. “दोन दिवस तेच होतं.”

एकशे एकोणीस. ती परत वर्तुळापाशी आली आणि पुष्कळ वेळ उभी राहिली. आकडा अंगातला ताप उतरावा तसा उतरत गेला आणि शंभरावर थांबला.

“सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं.”

मी तोंड उघडले.

“नको, बोलू नका. बोललात तर माझे एकतीस होतील.” ती हसली, ते हसणे मी विसरलो होतो. मग तिने मनगटाकडे पाहिले. “शंभर. म्हणजे मला आता साहेबांबद्दल काहीच वाटत नाही?”

यावर बोलायला नियमाची आडकाठी नव्हती. तरी मी वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजू लागलो.

“आठ वर्षं, सर,” ती म्हणाली आणि तळहात कातळावर घासून पुसू लागली. शेवाळाचा रंग निघत नव्हता.

तिचे सांत्वन करायला हवे होते. मी मात्र वेगळाच हिशेब करीत होतो. माझ्याकडून ती निघाली तेव्हा तिचा आकडा किती उतरला असेल? तेव्हा यंत्र नव्हते. त्याला गमावताना तिला जे होत होते, ते मला गमावताना झाले होते का? मला तिच्या दुःखाचाही हेवा वाटला, कारण त्याचा मालक श्रीरंग होता.

शंभर आणि एकतीस, एकशे एकतीस. एकोणीस कमी पडत होते.

सुनावणीला श्रीरंग पांढऱ्या कुडत्यात आला आणि सर्वांशी हात जोडून बोलला. ऋजुता आणि मी कपाळपट्ट्या व चष्मे लावून बसलो होतो; भिंतीवरच्या पडद्यावर आम्हा दोघांचे आकडे होते. आधी मी बोललो. गद्धेगाळांपासून आरंभ करून मी कराराच्या कलमांपर्यंत आलो. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. एकतीस जागचे हलले नाही.

मग ऋजुता उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

“या ताळेबंदातली सर्वांत मोठी देणगी,” ती म्हणाली, “म्हणजे न झालेली उड्डाणं. ज्या दिवशी रोहिणी गुरव मेली, त्या दिवशीही न्यासाला देणगी मिळत होती. माझं म्हणणं एवढंच आहे, की देणगी निघाली तेव्हा मोजू नका. पोचली तेव्हा मोजा.”

ती खाली बसली. अध्यक्षांनी शेवटचे वाक्य लिहून घेतले आणि शेजारच्यांना दाखवले. त्यांनीही लिहून घेतले.

माझी चाळीस पाने होती आणि त्यांत हे वाक्य नव्हते. माझे दोन खंड होते, ताम्रपटांपासून आजपर्यंत, आणि त्यांतही हे वाक्य नव्हते. शेवाळ मी पाहिले होते. माझे शेवाळ, माझा कातळ, माझे मौन. आणि ती तळहात पुसून उठली होती व चार वाक्यांत सगळे घेऊन गेली होती. ते वाक्य आता टिकणार होते, तिच्या नावाने. माझ्या कानशिलांत रक्त ठोकू लागले. मी तिच्याकडे पाहत होतो. तिच्या पलीकडे श्रीरंग बसला होता, हे मी विसरून गेलो होतो. चाळीस वर्षांत प्रथमच मी त्याच्यासोबत एका खोलीत असून त्याला विसरलो होतो.

“सर,” कदमबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “वर बघा.”

पडद्यावर एकतीसचे अडतीस झाले होते. मग सेहेचाळीस. एकोणपन्नासवर आकडा क्षणभर अडखळला, आणि मी डोळे तिच्यावरून काढले नाहीत. बावन्न.

बेरीज एकशे बावन्न. करार थांबला. तीन जिल्ह्यांतल्या शीतपेट्या जागच्या जागी राहिल्या.

बाहेर आल्यावर श्रीरंगाने मला गाठले. करार गेल्याचे दुःख त्याला होते. पण त्याचा चेहरा दुसऱ्याच कशाने तरी उतरला होता.

“बावन्न, विद्या?”

“यंत्र म्हणते.”

“सोडलंस की रे मला.” त्याने कुडत्याची घडी सारखी केली. “सवय झाली होती.”

सभागृहाच्या दारात लोक ऋजुताभोवती जमले होते. माझ्याही पाठीवर काहींनी थाप मारली. वृत्तांतात आले, की एका वयोवृद्ध अभ्यासकाने भर सुनावणीत आपल्या मत्सरावर विजय मिळवला. मंडळाने पुढे त्या वाक्याची कसोटी बनवली. तिला गवाणकर कसोटी म्हणतात. आता ती अभ्यासक्रमात आहे आणि मी ती शिकवतो.

ऋजुताने त्या पेट्या सांभाळण्यासाठी स्वतःची संस्था काढली. तपासणीची वेळ आली तेव्हा तिचा फोन आला.

“सर, परीक्षक म्हणून तुमचं नाव दिलंय. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

नेमक्या याच युक्तीने श्रीरंगाने मला नेमले होते. फरक एवढाच, की ती खरे बोलत होती.

कदमबाईंनी पट्टी माझ्या कपाळाला टेकवली आणि चष्मा नीट बसवला. पडद्यावर अनोळखी चेहरे येऊ लागले, मग त्यांच्यात ऋजुताचा चेहरा आला. कोणाच्या तरी हस्ते ती शाल स्वीकारीत होती. मी शांतपणे पाहत होतो.

कदमबाईंनी आकड्याकडे पाहिले. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. माझ्या मनगटावरची पट्टी त्यांनी अलगद फिरवली, अंक आतल्या बाजूला केले आणि वरून शर्टाची बाही ओढली.

“उकाडा फार आहे, नाही का?” त्या म्हणाल्या.

बाहेर पौषातली थंडी होती.